पप्पांचा फोन चालू आहे

पप्पांना पेटीत ठेवल्यानंतर त्यांना पहिला फोन आला तो क्लिफर्डच्या साहेबांचा.

क्लिफर्डला हे लगेच कळलं नाही. खिशातला फोन थरथरला, त्याने उचलला, "हॅलो सर" म्हणाला, आणि पलीकडून काही म्हणजे काही आलं नाही. हॉलमध्ये बायकांची रोजरीची प्रार्थना चालली होती म्हणून तो पडवीत आला. पडवीतही तेच. वटार गावात नेटवर्कचा खेळ नेहमीचाच, तेव्हा तो अंगण ओलांडून विहिरीपाशी गेला, विहिरीवरून केळीत शिरला, आणि केळीच्या दुसऱ्या ओळीत साहेब एकदम कानात उगवले.

"...तर टेक युअर टाइम, क्लिफर्ड. फक्त सोमवारी ये. आणि एक विचारू? तुमच्याकडे बायका फोनच्या इतक्या जवळ येऊन का रडतात?"

"रिवाज आहे सर," क्लिफर्ड म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

तो पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या कंपनीत कस्टमर केअरला होता. दिवसभर लोक त्याला सांगत की मशीन चालत नाही, आणि तो त्यांना विचारी की बटण चालू आहे का. वडील जाऊन तिसरा दिवस उजाडला तरी त्याला रडू आलं नव्हतं. येईल तेव्हा येईल, असं त्याने स्वतःला सांगून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांना टेक्निशियनबद्दल सांगायचा तोच आवाज त्याने त्यासाठी वापरला होता.

परत येताना दुसरा फोन आला. अनोळखी नंबर. पुन्हा शांतता. या वेळी त्याने फोन कानावरून काढून तोंडासमोर धरला. स्क्रीनवर एक छोटासा कान होता आणि कानाखाली नाव होतं: पप्पा.

त्याने दारातून आत पाहिलं. पप्पा पेटीत उताणे. निळा सूट, बँडचा लाल टाय, हातांत जपमाळ, डोळ्यांवर चष्मा. आणि दोन्ही कानांमागे राखाडी रंगाचं, सोललेल्या शेंगदाण्याएवढं मशीन. कुठल्याशा बँकेची मुलगी पप्पांच्या कानात त्यांना पर्सनल लोन मंजूर झाल्याचं सांगत होती. पप्पांनी तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. जिवंतपणी त्यांनी इतकं कुणाचं ऐकलं नव्हतं.

पप्पा म्हणजे आग्नेल, झांजवाले. वाडी होती, केळी होत्या, पण गावाला ते माहीत होते झांजांसाठी. थोरला भाऊ ज्युलियस याचा ब्रास बँड. त्यात ज्युलियस अंकल ट्रम्पेटवर आणि पप्पा झांजेवर. वटारपासून अर्नाळ्यापर्यंत ज्याचं म्हणून लग्न झालं तो आग्नेलच्या झांजेने एकदा तरी दचकलेला होता. "झांजवाल्याचं काम वाजवणं नसतं रे," पप्पा सांगत, "थांबणं असतं. बाकीचे वाजवत असतात, आपण मनात मोजत उभं राहायचं. आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना एकदाच."

पण झांज वाजते ती वाजवणाऱ्याच्याच कानाशी. उभ्या आयुष्यात पप्पांच्या कानांनी हळूहळू अंग काढून घेतलं. आधी पक्षी गेले, मग लहान पोरं, मग बायका. पप्पांना वाटलं गावच सुधारलं.

क्लिफर्डची मोठी बहीण शॅनन आयर्लंडला वृद्धाश्रमात नर्स होती. तिच्या नावाची नदी त्या देशात आहे, विमानतळही आहे. दोन्हींचा तिला काही उपयोग झालेला नाही. तिथल्या म्हाताऱ्यांच्या कानांतली मशीनं पुसून रात्री चार्जिंगला लावणं हे तिचं रोजचं काम. आणि घरी फोन केला की स्वतःचा बाप पलीकडून म्हणे, "हां, हां, मजेत. जेवलीस? बरं, ठेव मग." तिचा आवाज बारीक, वरच्या पट्टीतला, त्यातलं काही पप्पांपर्यंत पोचतच नसे. दोन वर्षांपूर्वी नाताळला आली तेव्हा ती जेवताना म्हणाली, "पप्पा, कान तपासून घ्या. तुम्हाला ऐकू येत नाही." पप्पांना नेमकं तेवढं ऐकू आलं. "मला बहिरा म्हणतेस?" म्हणून ते ताटावरून उठले. तेव्हापासून पप्पा फोनवर येईनासे झाले आणि शॅननही त्यांना फोन दे म्हणेनाशी झाली. याला भांडण तरी कसं म्हणावं? भांडायलासुद्धा एकमेकांचं ऐकू यावं लागतं.

मग या पावसाळ्यात एका लग्नात गाणं संपलं, फादर केनींनी नवरानवरीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद सुरू केला, आणि पप्पांची झांज वाजली. नवरी खाली बसली. पप्पा घरी आले आणि दुसऱ्या दिवशी क्लिफर्डला म्हणाले, "चल. त्या कानवालीकडे."

कानवाली म्हणजे वसई रोडच्या ऑडिओलॉजिस्ट फ्लॉसी मॅडम. क्लिफर्डच्याच वयाच्या. त्यांनी पप्पांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांत बारीक बारीक शिट्ट्या सोडल्या आणि शेवटी एक आलेख दाखवला. "हे बघा अंकल. जाडे आवाज इथे, ठीक आहेत. मग एकदम उतार. या उताराखाली तुमचे पक्षी, मुलं आणि बायका."

पप्पांनी आलेख नीट पाहिला. "मग घाई काय आहे?"

मम्मी, म्हणजे आल्बिना, शेजारीच बसली होती. तिने काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी ते उताराखाली गेलं असतं.

"ऐकतो मेंदू, अंकल," फ्लॉसी मॅडम म्हणाल्या. "कान नुसते दारावरचे वॉचमन. फार दिवस कुणी आत आलं नाही की मेंदू ती खोली दुसऱ्याला भाड्याने देतो. मग मशीन लावूनही भाडेकरू लवकर हलत नाही."

हे पप्पांना पटलं. त्यांचा तुळिंजला एक भाडेकरू होता.

आताची मशीनं म्हणजे काय हे क्लिफर्डला तिथे कळलं. कुठला आवाज माणसाचा आणि कुठला नुसता गोंगाट, हे मशीन स्वतःच ठरवतं. फोन आला तर तो थेट कानांत, आणि बोलणाऱ्याचा आवाजही कानांतल्याच माइकमधून पलीकडे. बिघडलं तर फ्लॉसी मॅडम दवाखान्यात बसून, पप्पा केळीत बसून, नेटवरून दुरुस्ती. पप्पांचा फोन बटणांचा असल्यामुळे अ‍ॅप क्लिफर्डच्या फोनवर घेतलं. अ‍ॅपमध्ये वेगवेगळे मोड होते: शांत, गर्दी, गाडी. पप्पांच्या सांगण्यावरून फ्लॉसी मॅडमनी आणखी दोन बनवून दिले. एक 'मिस्सा', म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, ज्यात फादरांचा आवाज पुढे आणि मागचे खोकणारे मागे. दुसरा 'ज्युलियस', ज्यात ज्युलियस अंकल मागे.

सुरुवातीला पप्पांना सगळंच ऐकू यायला लागलं. फ्रिज, स्वतःच्या चपला, केळीची पानं. "ही आल्बिना दिवसभर बोलत असते हे मला कुणी सांगितलं का नाही?" असंही त्यांनी विचारलं. पण क्लिफर्डने शॅननला फोन लावायला घेतला तेव्हा पप्पांनी हात धरला.

"नको सांगूस तिला."

"अहो पप्पा, ती खूश होईल."

"खूश काय व्हायचं, दचकली पाहिजे. नाताळला येणार ना? मी फाटकाकडे पाठ करून बसतो. ती मागून हाक मारेल, तिच्या त्या चिमणीच्या आवाजात. आणि मी वळणार."

"एवढंच?"

"एवढंच. पण बरोब्बर ठोक्यावर."

माफी मागायची पप्पांची ही पद्धत होती, आणि तिला तालीम लागत असे. संध्याकाळी पप्पा अंगणात खुर्ची टाकून फाटकाकडे पाठ करून बसत, आणि क्लिफर्ड फाटकात उभा राहून बारीक आवाजात "पप्पाऽ" म्हणे. पप्पा मनात मोजत आणि वळत. "लवकर वळलो. परत." क्लिफर्ड परत शॅनन होई. शेजारच्या रोझलिन आंटीने मम्मीला बाजूला घेऊन विचारलं होतं की मुलाच्या लग्नाचं काही बघताय की नाही.

सोमवारी दुपारी, पाण्याचा पंप बंद करायला गेलेले पप्पा पंपापाशीच बसले आणि तिथेच गेले. हॉस्पिटलने मशीनं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून क्लिफर्डच्या हातात दिली. घरी आल्यावर त्याने ती रोजच्यासारखी डबीत ठेवून चार्जिंगला लावली. का, ते विचारू नये. थोड्या वेळाने अ‍ॅपने कळवलं: 'आज वापर कमी झाला. उद्या थोडा जास्त प्रयत्न करूया!' दुसऱ्या दिवशीही कळवलं, जरा काळजीने.

शॅननसाठी पप्पांना शीतगृहात ठेवलं. शॅनन निघाली आणि मधल्याच एका विमानतळावर धुक्यामुळे अडकली. वाळवंटातलं धुकं. तिचं तिलाही खरं वाटेना. इकडे फादर केनींकडे उद्यापासून लग्नांची रांग होती. आज चारची मिस्सा टळली तर पप्पांना रविवारपर्यंत थांबावं लागलं असतं. "थांबणं त्यांना जमतं," मम्मी म्हणाली, पण मग स्वतःच म्हणाली की नको, आजच करूया.

सकाळी पप्पांना सूट चढवताना मम्मीने चष्मा लावला, टाय नीट केला आणि हात पुढे केला. "मशीन?"

"मम्मी, मशीन कशाला आता?"

"त्यांची मिस्सा आहे. त्यांनाच ऐकू येणार नाही होय?"

क्लिफर्डने मशीनं आणून दिली. "मिस्सावर ठेवलंस ना?" मम्मीने विचारलं. त्याने मिस्सावर ठेवली.

ज्युलियस अंकलना ते मुळीच पसंत पडलं नाही. पेटीभोवती एक फेरी मारून त्यांनी क्लिफर्डला कोपऱ्यात घेतलं. कोपऱ्यात घेणं नावापुरतंच. अंकल आता पप्पांपेक्षाही बहिरे, त्यामुळे त्यांची कुजबुज विहिरीपर्यंत जाई. "क्लिफ्या, मातीत घालायची वस्तू आहे का ती? माझे कान बघ. ट्रम्पेट माझा मलाच ऐकू येत नाही. मॅडमना सांग, माझ्या मापाने बसवून देतील."

अंकलचं बरोबर होतं. फ्लॉसी मॅडमनीही फोनवर तेच सांगितलं होतं; मशीन दुसऱ्या कानांसाठी नव्याने लावून देता येतं आणि द्यावंच. मम्मीने मधला मार्ग काढला. "मिस्साभर राहू दे. झाकण लावायच्या आधी काढ आणि भाऊजींना दे."

म्हणून दुपारी चर्चमध्ये क्लिफर्ड पहिल्या बाकावर, पेटीपासून हातभर अंतरावर बसला होता, आणि त्याचं काम ठरलेलं होतं. मिस्सा झाली. फादर केनींनी आग्नेलच्या झांजेबद्दल दोन गोड शब्द सांगितले, नवरी खाली बसल्याचं गाळलं. मग शेवटच्या दर्शनाची रांग लागली. लोक येत, पप्पांच्या कपाळाचं चुंबन घेत, क्रूसाची खूण करत, पुढे जात. क्लिफर्ड सगळ्यांना मान हलवत होता. त्याला आपली मान दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी वाटत होती.

रोझलिन आंटी वाकली. दोन्ही हातांत पप्पांचा चेहरा धरला. आणि पप्पांनी शिट्टी मारली.

बारीक, लांब, स्पष्ट शिट्टी. आंटी किंचाळून गाणाऱ्यांच्या कॉयरवर जाऊन पडली. "आग्नेल! आग्नेल शिट्टी मारतोय!"

"जन्मभर मारली नाही, ती आता कशाला मारतील तुला?" मम्मी म्हणाली.

"आंटी, मशीनवर हात आला की ते शिट्टी मारतं," क्लिफर्ड म्हणाला. "काळजीचं कारण नाही. आपल्या फोनबद्दल धन्यवाद." शेवटचं वाक्य सवयीने आलं.

"बस झाला तमाशा," ज्युलियस अंकल म्हणाले. पेटी उचलणारे पुढे आले होते, झाकण भिंतीला टेकवून ठेवलं होतं. "मिस्सा झाली ना? काढ."

क्लिफर्ड वाकला. पप्पांच्या उजव्या कानामागे बोट घातलं. कान गार होता, मशीन त्याहून गार. आणि त्याच्या खिशात फोन थरथरला.

शॅनन.

त्याने दुसऱ्या हाताने उचलला. स्क्रीनवर कान आला, कानाखाली पप्पा. शेजारीच स्पीकरचं बटण. ते दाबलं असतं तर बहीण त्याच्या हातात आली असती. दिवसभर तो लोकांना हेच सांगून पोट भरत होता, बटण दाबा. त्याचा अंगठा बटणावर जाऊन थांबला.

"कुणाचा रे?" मम्मीने विचारलं.

"शॅननचा."

"दे इकडे."

"माझ्याकडे नाही ती. पप्पांकडे गेली."

मम्मीने फोनकडे पाहिलं, मग पेटीकडे पाहिलं. मग पप्पा आतल्या खोलीत बोलत असावेत तसा आवाज खाली आणून म्हणाली, "मग बोलू दे की."

"आल्बिना, लोक खोळंबलेत!" ज्युलियस अंकल म्हणाले.

"भाऊजी, मुलीचा फोन आहे."

फादर केनी पायरी उतरून आले. "काही अडचण?"

"फोन चालू आहे, फादर," मम्मी म्हणाली.

"कुणाचा?"

"आग्नेलचा."

फादर केनी सेमिनरीत बरंच काही शिकले होते. त्यांनी पेटीत पाहिलं, क्लिफर्डच्या फोनकडे पाहिलं, आणि घड्याळाकडे पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"मुलगी आहे, फादर. दोन वर्षांनी बोलतेय बापाशी."

फादर वळले आणि त्यांनी कॉयरला आणखी एक गीत घ्यायची खूण केली. कॉयरने आधी रोझलिन आंटीला बाजूला केलं आणि गीत घेतलं.

इतक्यात मेसेज आला. शॅननचा. 'क्लिफ तुझा आवाजच नाही. गाणं येतंय. एकदम कानाशी.'

क्लिफर्डने टाइप केलं, 'तू पप्पांच्या कानात आहेस.'

'??'

'प्यायलायस का'

'नाही. पप्पांच्या कानात मशीन आहे. ऑगस्टपासून. फोन थेट तिकडे जातो. तुला येतंय ते त्यांच्या कानांतून येतंय.'

शॅनन टाइप करत असल्याचे तीन ठिपके आले, गेले, पुन्हा आले. मग नुसतं: 'ऑगस्ट?'

'तुला सांगायचं नव्हतं. नाताळला तू मागून हाक मारणार आणि ते वळणार. रोज तालीम करायचे. तुला दचकवायचं होतं.'

या वेळी ठिपकेही आले नाहीत. कॉयरचं एक कडवं संपलं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत अख्खं चर्च पेटीतल्या माणसाचा फोन संपायची वाट बघत बसलं होतं, आणि मागून कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं, "अजून बोलतोय?"

मग मेसेज आला. 'त्यांना आता ऐकू येत नाही क्लिफ.' ती नर्स होती. तिला माहीत होतं.

'माहीत आहे,' क्लिफर्डने लिहिलं.

'बोलू?'

'रेंज आहे तोवर बोल.'

त्यानंतर मेसेज थांबले. फोनवर फक्त वेळ पुढे सरकत होता. क्लिफर्ड त्या आकड्यांकडे पाहत उभा राहिला. त्याला काही ऐकू येत नव्हतं, आणि आत कुठे काही हलतही नव्हतं. जिथे हलायला हवं होतं तिथे बहुतेक भाडेकरू बसला होता.

मम्मी वाकली. मशीनने शिट्टी मारू नये म्हणून हात पाठीमागे बांधून वाकली, आणि आपला कान पप्पांच्या कानापाशी नेला. बराच वेळ तशीच राहिली.

"बोलतेय," ती म्हणाली. "शब्द लागत नाहीत. पण चिमणी चालू आहे."

ज्युलियस अंकलना हे ऐकू गेलं की नुसतं दिसलं, कोण जाणे. ते वाकलेल्या मम्मीकडे पाहत राहिले. मग आपल्याच कानात बोट घालून हलवलं, खोकले, आणि पेटी उचलणाऱ्यांना म्हणाले, "लावा झाकण."

"अंकल, मशीन..."

"असू दे. मला तरी कोण फोन करतंय?" आणि दोन पावलं जाऊन परत आले. "फोन ठेवायचा नाही हां, क्लिफ्या. चालू राहू दे."

झाकण लागलं. फोनवरचा कान टिकून राहिला. क्लिफर्डने केळीची दुसरी ओळ आठवली, तेवढं लांब गेलं की फोन पप्पांच्या कानातून सुटतो, आणि पेटीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. त्याच्या उंचीला ते टोक शोभत नव्हतं, पेटी एका बाजूला कलली, मागून कुणीतरी "अरे उंच माणूस घ्या" म्हणालं. क्लिफर्ड हलला नाही. एका हाताने पेटी आणि दुसऱ्या हातात फोन, असा तो चर्चच्या मागच्या दफनभूमीपर्यंत गेला. पुढे बँड चालला होता. हळू चालीचं गाणं, आणि त्यात दर काही पावलांवर एक रिकामी जागा येत होती. तिथे झांज असायची. बँडवाले त्या जागी नुसते थांबत आणि पुढे जात.

पेटी दोरांवरून खाली गेली. क्लिफर्ड खड्ड्याच्या अगदी काठावर. कान अजून होता. फादर केनींनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं, पुस्तक मिटलं. बँडचं गाणं संपलं. लोक मूठभर माती उचलायला वाकले. आता काही व्हायचं राहिलं नव्हतं.

तेव्हा ज्युलियस अंकलनी ट्रम्पेट शेजाऱ्याच्या हातात दिला. पप्पांच्या झांजा त्यांनी कोटाखाली गळ्यात अडकवून आणल्या होत्या. त्या हातांत घेतल्या, खड्ड्याकडे तोंड केलं, आणि थांबले. त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते. कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि वाजवली.

कावळे उडाले. रोझलिन आंटी पुन्हा कुणावर तरी पडली. फादर केनींच्या हातातलं पुस्तक खड्ड्यात जाता जाता वाचलं. एक लहान पोर रडायला लागलं आणि त्या गोंधळात क्लिफर्डच्या हातातला फोन लागोपाठ थरथरला.

'आई गं'

'काय होतं ते'

'फोन पडला माझ्या हातातून. ओरडले मी. सगळे बघतायत इथे'

'झांज,' क्लिफर्डने लिहिलं. 'पप्पांची.'

मग विचार करून आणखी लिहिलं, 'दचकलीस?'

'हो.'

क्लिफर्ड मम्मीकडे वळला. "दचकली."

मम्मीने मान हलवली. "झालं मग," ती म्हणाली, आणि वाकून तिने पहिली मूठ टाकली.

मग सगळ्यांनी टाकली. माती आधी पेटीवर वाजत होती, मग मातीवर माती पडू लागली आणि तिचा आवाज येईनासा झाला. फावडी आली. क्लिफर्ड फोनकडेच पाहत होता. कान एकदा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला. आणि गेला.

"...हॅलो? पप्पा?" शॅनन त्याच्या हातात बोलत होती. बारीक, वरच्या पट्टीत. "पप्पा, हॅलो?"

त्याने फोन कानाला लावला. "मी आहे."

"पप्पा?"

"रेंज गेली."

तिकडे मागे विमानाची घोषणा चालली होती. शॅनन म्हणाली, "तू ऐकलंस मी काय बोलले ते?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "विमान लागलं बहुतेक. निघते."

तिने ठेवला. फोन लगेच पुन्हा थरथरला. त्याला वाटलं तीच, पण अ‍ॅप होतं. 'पप्पा सापडत नाहीत. मशीन जवळ असल्याची खात्री करा.'

क्लिफर्डने एक पाऊल पुढे टाकलं. बुटाखालची माती थोडी घसरून खाली गेली.

"क्लिफ्या, मागे हो!" ज्युलियस अंकल ओरडले. "पडशील आत!"

"हो," क्लिफर्ड म्हणाला, आणि फोन समोर धरून तिथेच उभा राहिला.